उठताना किती दुखतं?

आमच्या पोंभुर्णा तालुक्यात म्हातारं माणूस पडलं आणि त्याला उठताच येईना, तर गावात दोन शब्द फिरतात. 'खुबा मोडला' हा जुना. 'बॉल गेला' हा नवा. तो चंद्रपूर-नागपूरच्या दवाखान्यांतून एक्स-रेच्या फिल्मबरोबर गावात आला. शब्द म्हणून तो चुकीचा नाही. मांडीच्या हाडाचं वरचं टोक खरोखरच चेंडूसारखं गोल असतं आणि कमरेच्या हाडातल्या खोबणीत फिरतं. या चेंडूला मांडीच्या दांड्याशी जोडणारी एक बारीक मान असते. म्हातारपणी मोडतं ते बहुतेक वेळा या मानेत, नाही तर तिच्या लगेच खाली. मान मोडली की चेंडूचा रक्तपुरवठा तुटायची भीती असते, म्हणून डॉक्टर पुष्कळदा चेंडूच बदलतात. मोड खाली असेल तर आतून सळई आणि स्क्रू घालून हाड धरून ठेवतात. पहिल्याला लोक 'बॉल बदलला' म्हणतात, दुसऱ्याला 'रॉड टाकला'. त्यानंतरच्या दिवसांसाठी मात्र आमच्याकडे शब्द नाही. ऑपरेशन झालं म्हणजे झालं. पुढचं दुखणं धानाबरोबर कोंडा यावा तसं आलेलं असतं, त्याची वेगळी मोजदाद कोणी करत नाही.

हा लेख त्या मोजदादीबद्दल आहे. मी डॉक्टर नाही. नात्यातल्या आणि गावातल्या म्हाताऱ्यांसोबत दवाखान्यात रात्री काढण्याचे प्रसंग येत गेले, प्रश्न पडत गेले, आणि उत्तरांसाठी वैद्यकीय नियतकालिकं चाळायची सवय लागली. वाचून आणि पाहून एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झाली: खुब्याच्या ऑपरेशननंतर दुखणं आटोक्यात ठेवणं हा उपचाराचा कणा आहे, आणि ते आटोक्यात आहे की नाही हे रोगी पडून असताना कळत नाही. ते कळतं तो उठतो तेव्हा.

आधी हे किती जणांना होतं ते पाहू. हरियाणातल्या रोहतक जिल्ह्यात २००९ साली खुब्याच्या मोडींची गणती झाली, तेव्हा पन्नाशीपुढच्या एक लाख माणसांमागे वर्षाला १२९ मोडी आढळल्या. म्हणजे पन्नाशीपुढची दहा हजार माणसं असलेल्या तालुक्यात वर्षाला बारा-तेरा. आकडा लहान वाटतो, कारण त्यातल्या काही म्हाताऱ्या दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत. त्या 'पडल्या, मग खाटेला लागल्या, मग गेल्या' एवढ्या तीन शब्दसमूहांत संपतात. आणि पडायला झाडावरून पडावं लागत नाही. रात्री लघवीला अंगणात उतरताना, शेणसडा घातलेल्या ओल्या जमिनीवर, न्हाणीच्या शेवाळलेल्या फरशीवर, दाव्याला पाय अडकून. हाडं पोकळ झालेली, डोळ्यांत मोतीबिंदू, उजेड एका बल्बाचा.

पडल्यावर पडून राहावं ही आपली जुनी समजूत आहे आणि ती अडाणीपणाची नाही. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांच्या चिकित्सेत कपाटशयन सांगितलं आहे: मांडी, पोटरी, कंबर मोडलेल्या रोग्याला फळीवर निजवायचं आणि पाच जागी खुंट्या ठोकून त्याची हालचाल बंद करायची. आमच्या भागातले हाड बसवणारे बांबूच्या कामट्या बांधतात, तो त्याच विचाराचा धाकटा भाऊ. मनगटाला, पोटरीला ही युक्ती चालूनही जाते. खुब्याला कामटी बांधायला जागाच नाही. तिथे उरतं ते नुसतं पडून राहणं, तेल चोळणं आणि वाट पाहणं.

पडून राहणं हाच धोका आहे हे पश्चिमेतही उशिरा कळलं. १९४७ साली लंडनच्या रिचर्ड ॲशर या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अंथरुणाच्या धोक्यांवर एक छोटा, खोचक लेख लिहिला. छातीत कफ साचतो, पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होतात, पाठ सोलते, स्नायू वितळतात, लघवी तुंबते, मन खचतं, ही सगळी यादी त्यात आहे. पुढे इंग्लंडच्या हेस्टिंग्ज गावात मायकेल डेव्हास या अस्थिशल्यविशारदांनी वृद्धांच्या डॉक्टरांना आपल्या वॉर्डात सोबतीला घेतलं आणि म्हाताऱ्यांना लवकर उभं करण्याची रीत बसवली. आज खुब्याच्या ऑपरेशनचा हेतूच तो मानतात: हाड इतकं पक्कं करायचं की माणूस दुसऱ्या दिवशी उभं राहील. इंग्लंडच्या २०११च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत तसं स्पष्ट लिहिलं आहे. ऑपरेशन दाखल झालेल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, आणि चालवणं ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून, रोग्याला दुसरी काही अडचण नसेल तर.

आता दुखणं कुठे येतं ते पाहा. ऑपरेशन उत्तम झालं, रॉड सरळ बसला, फिजिओथेरपिस्ट खाटेजवळ आला, आणि आजी म्हणाली, 'नाही बापा, उद्या.' उद्या म्हणजे परवा. तिसऱ्या दिवशी छातीत घरघर. दुखतं म्हणून ती खोकत नाही, कूस वळत नाही. आणखी एक गोष्ट मी वारंवार पाहिली, ती कुठल्या पुस्तकात ठळक वाचायला मिळाली नाही. बाया पाणी पिणं सोडतात. पाणी प्यायलं की लघवी लागते, लघवी लागली की बेडपॅन, बेडपॅनसाठी कंबर उचलावी लागते, आणि कंबर उचलताना जीव जातो. म्हणून दोन घोट. मग तोंड कोरडं, लघवी गडद, मूत्रपिंडांवर ताण, डोक्यात गोंधळ. एका न सांगितलेल्या दुखण्यातून ही अख्खी माळ ओवली जाते.

डोक्यातल्या गोंधळाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री म्हातारं माणूस असंबद्ध बोलू लागतं, सुया उपसतं, मेलेल्या भावाला हाक मारतं. घरचे घाबरतात; कोणी बाहेरचं लागलं म्हणतं, कोणी भुलीचं इंजेक्शन डोक्यात चढलं म्हणतं. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. त्याची कारणं पुष्कळ: संसर्ग, सोडियम कमी होणं, लघवी किंवा संडास तुंबणं, झोपमोड, चष्मा आणि कानाचं यंत्र घरी राहणं, काही औषधं. आमच्याकडे आणखी एक कारण लपवलं जातं, ते म्हणजे दारू. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती. त्यामुळे म्हातारा रोज मोहाची घेतो हे डॉक्टरसमोर कबूल करायला घरचे कचरतात. रोजची सुटली की दोन-तीन दिवसांत हात कापतात आणि भास होतात. हे आधीच सांगितलं तर त्यावर उपाय आहे, आणि पॅरासिटामॉलची मात्राही त्यानुसार ठरते.

पण दाबून ठेवलेलं दुखणं हेही डिलिरियमचं कारण असतं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. उलट समज असा की दुखण्याच्या जोरदार औषधांनीच माणूस बरळतं. न्यूयॉर्कच्या शॉन मॉरिसन आणि सहकाऱ्यांनी खुबा मोडलेल्या ५४१ वृद्धांचा अभ्यास २००३ साली छापला. ज्यांना दिवसाला १० मिलिग्रॅम मॉर्फिनपेक्षाही कमी इतकं वेदनाशामक मिळालं, त्यांच्यात डिलिरियमचं प्रमाण जास्त मिळालेल्यांपेक्षा पाच पटींहून अधिक होतं. पेथिडीन या एका औषधाने मात्र गोंधळ वाढवला; ते म्हाताऱ्यांना टाळावं यावर आता फारसा वाद नाही. अशा अभ्यासात एक खोच असते. गोंधळ व्हायच्या बेतात असलेला रोगी दुखणं सांगू शकत नाही म्हणून त्याला औषध कमी मिळालं असेल, हेही शक्य आहे. पण ती शक्यता धरली तरी निष्कर्ष सौम्य होत नाही, कारण त्याच मॉरिसन यांच्या २०००च्या अभ्यासात स्मृतिभ्रंश खूप वाढलेल्या वृद्धांना शाबूत डोक्याच्या वृद्धांच्या एक तृतीयांशच मॉर्फिन मिळालेलं दिसलं. हाड दोघांचं सारखंच मोडलेलं होतं. एकाला मागता येत होतं, दुसऱ्याला नव्हतं.

मागता येणं, सांगता येणं हा आमच्या भागातला मोठा प्रश्न आहे. आमच्या म्हाताऱ्या बाया झाडीबोलीत बोलतात, काही घरांत गोंडी, दक्षिणेकडे तेलुगू. डॉक्टर नागपूरचा किंवा लातूरचा. तो राऊंडला येतो, विचारतो, 'आजी, दुखतं का?' आजी सरळ पडलेली, पाय न हलवता. ती म्हणते, 'बरं हाय.' ते खोटंही नसतं. न हलवलेला खुबा ऑपरेशननंतर पुष्कळदा शांत असतो. शिवाय एवढ्या मोठ्या माणसासमोर कुरकुर कशाला, लेकराचा पैसा आधीच खर्च झालाय, हेही त्या दोन शब्दांत असतं. केसपेपरवर 'तक्रार नाही' अशी नोंद होते, आणि दुपारी तिला उठवायला गेलं की वॉर्ड दणाणतो.

म्हणून विचारायचं ते हालचाल करून. कूस वळवताना किती, बसवताना किती, पाऊल टाकताना किती. मार्गदर्शिकाही आता हालचालीतल्या वेदनेचा वेगळा विचार करतात. शून्य ते दहाची मोजपट्टी न शिकलेल्या माणसाला परकी वाटते. आमच्याकडे आयती मोजपट्टी आहे, ती म्हणजे आणे. जुनी माणसं आजही 'आठ आणे आराम हाय', 'बारा आणे बरं झालं' असं सहज बोलतात. 'रुपयातले किती आणे दुखते?' असं विचारलं की ऐंशी वर्षांची बाई क्षणभर विचार करून नेमकं उत्तर देते. मी हे अनेकदा पाहिलंय, आणि एका तरुण निवासी डॉक्टरने तर ते आपल्या वहीत उतरवून घेतलं. ज्यांना बोलताच येत नाही त्यांच्यासाठी २००३ साली अमेरिकेत एक साधी रीत तयार झाली: श्वास कसा चालतो, तोंडातून काय आवाज निघतो, चेहरा कसा होतो, अंग आखडतं का, आणि धीर दिल्यावर माणूस शांत होतं का, या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण. याला यंत्र लागत नाही, बघणारं माणूस लागतं. आपल्या सरकारी दवाखान्यांत नर्स कमी असतात, पण प्रत्येक खाटेखाली चटई टाकून सून, लेक किंवा नातू झोपलेला असतो. इंग्लंडच्या वॉर्डात हे सुख नाही. त्या माणसाच्या हातात वही दिली आणि दर चार तासांनी हलवताना किती आणे ते लिहायला सांगितलं, तर सकाळच्या राऊंडला डॉक्टरसमोर 'बरं हाय'ऐवजी पुरावा असतो.

इथे एक शंका येते, आणि ती आमच्या जिल्ह्यात तर यायलाच हवी. दुखणं ही शरीराची राखण नाही का? वरोऱ्याजवळच्या आनंदवनाने हे आम्हाला फार जवळून शिकवलं. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती काढली ती ज्यांच्यासाठी, त्यांची खरी आपत्ती दुखणं नसणं ही होती. कुष्ठरोगात मज्जातंतू मरतात. बधिर पायात काटा रुतला तरी कळत नाही, बोट भाजलं तरी कळत नाही, आणि न कळल्यामुळे हातपाय झडतात. दुसरीकडे बाबांचा स्वतःचा कणा इतका बिघडलेला की वर्षानुवर्षं त्यांना बसता येत नसे, उभं राहायचं नाही तर आडवं व्हायचं. तेव्हा दुखण्याचं मोल नाकारायचं कारण नाही. पण खुबा मोडला हा निरोप दुखण्याने पोचवला, हाड बसवलं, आता तोच निरोप दिवसातून पन्नास वेळा ओरडून सांगण्यात राखण कसली? जी वेदना नवी आहे, वेगळ्या जागी आहे, अचानक वाढली आहे, तेवढीच ऐकायची. तिच्याकडे शेवटी येतो.

आता औषधांकडे. पाया पॅरासिटामॉलचा. साधी तापाची गोळी म्हणून लोक तिला हसतात, पण इंग्लंडची मार्गदर्शिका ऑपरेशनआधी दर सहा तासांनी आणि ऑपरेशननंतरही ती नेमाने द्यायला सांगते. महत्त्वाचा शब्द 'नेमाने'. आपल्याकडे चिठ्ठीवर 'दुखल्यास' असं लिहिलेलं असतं, आणि 'बरं हाय' म्हणणाऱ्या बाईला ती गोळी कधीच मिळत नाही. मात्रेचं भानही हवं. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाची कमाल ४ ग्रॅम. पण आमच्याकडच्या कित्येक म्हाताऱ्या चाळीस किलोच्याही आत असतात, खाणं तुटपुंजं, त्यांना दर किलोमागे सुमारे १५ मिलिग्रॅम एका वेळी असा हिशेब करून कमी द्यावी लागते. म्हणून वजन करणं हे वेदनेच्या उपचारातलं पहिलं काम ठरतं, आणि खुबा मोडलेल्या माणसाचं वजन करणं सोपं नसल्याने ते बहुधा राहून जातं.

नंतर येतं डायक्लोफेनॅक. आमच्या भागात 'दुखण्याची सुई' म्हणजे हीच. ती गुण देते यात शंका नाही, म्हणूनच तिची गोष्ट सांगायला हवी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या आकाशातली गिधाडं वीस-पंचवीस वर्षांपूर्वी दिसेनाशी होत गेली, हे आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं. २००४ साली पाकिस्तानातल्या संशोधनातून कारण उलगडलं: दुखऱ्या गुरांना डायक्लोफेनॅक दिलेलं, ती गुरं मेली, गिधाडांनी खाल्ली, आणि गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडली. २००६मध्ये भारताने या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जातात म्हणून २०१५मध्ये तीन मिलिलिटरपेक्षा मोठी कुपी बंद झाली. गडचिरोलीत वनखात्याने गिधाडांसाठी खास जेवणाच्या जागा केल्या, आणि जानेवारी २०२४मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून काही गिधाडं ताडोबात आणली गेली.

माणूस गिधाड नाही. तरुण, धडधाकट माणसाची मूत्रपिंडं हे औषध चार-दोन दिवस पचवतात. पण रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी, पाणी न पिणारी, ऑपरेशनमध्ये रक्त गेलेली ऐंशीची बाई वेगळी. तिच्या मूत्रपिंडांना होणारा रक्तप्रवाह ज्या रसायनांच्या आधाराने टिकलेला असतो, तीच रसायनं हे औषध थांबवतं. शिवाय पोटात व्रण होऊन रक्त जाऊ शकतं. म्हणूनच इंग्लंडच्या मार्गदर्शिकेत खुबा मोडलेल्यांना या जातीची औषधं देऊ नयेत अशी शिफारस आहे. गावातून निघताना 'निदान एक सुई तरी मारून द्या' असा आग्रह आपण धरतो, तेव्हा हे लक्षात असलेलं बरं.

पॅरासिटामॉल पुरेना आणि डायक्लोफेनॅक नको, तर मग काय? पुढची पायरी अफूची. मध्य प्रदेशातल्या नीमच आणि उत्तर प्रदेशातल्या गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत भारत अफूवर प्रक्रिया करतो. औषधासाठी कायदेशीर अफू पिकवणाऱ्या थोड्या देशांपैकी आपला एक आहे. आणि तरी आपल्या म्हाताऱ्यांना मॉर्फिन मिळत नाही. १९८५चा अमली पदार्थविरोधी कायदा आला, कागदपत्रांतल्या चुकीलाही दहा वर्षं सक्तमजुरीची भीती बसली, आणि दवाखान्यांनी, औषधदुकानांनी हे औषध ठेवणंच सोडलं. देशात वर्षाला सहाशे किलोच्या आसपास असलेला मॉर्फिनचा वापर १९९७पर्यंत १८ किलोवर आला. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं झगडून २०१४ची दुरुस्ती घडवून आणली. मॉर्फिन, फेन्टानिलसह सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि मान्यताप्राप्त संस्थांना एकाच खात्याचा परवाना पुरेसा झाला. कायदा बदलला, सवय बदलायला वेळ लागतोय. 'लॅन्सेट' आयोगाच्या २०१७च्या हिशेबात गंभीर वेदनेतल्या भारतीयांच्या गरजेच्या फक्त चार टक्के औषध इथे पोचत होतं. त्या रिकाम्या जागेत ट्रामाडॉल आलं. २०१८पासून तेही याच कायद्याखाली आहे. म्हाताऱ्यांत त्याने मळमळ होते, सोडियम उतरू शकतं, क्वचित झटके येतात, आणि गोंधळही. ते सौम्य आहे हा समज फारसा खरा नाही.

घरच्यांची भीती वेगळी असते: व्यसन लागेल. ऐंशीव्या वर्षी आठवडाभर मोजून दिलेल्या औषधाने व्यसन लागण्याची शक्यता फार थोडी. खऱ्या काळज्या दोन. श्वास मंदावणं, म्हणून मात्रा लहान आणि लक्ष जास्त. आणि बद्धकोष्ठ, म्हणून पहिल्याच दिवसापासून संडासाचं औषध बरोबर. दुसरी काळजी क्षुल्लक वाटते, पण चार दिवस संडास न झालेली म्हातारी जेवण टाकते, पोट फुगतं, आणि सगळे ऑपरेशनला दोष देतात.

आणि मग एक रीत अशी आहे की जिने ही औषधं बरीच कमी लागतात. मांडीच्या वरच्या भागातल्या मज्जातंतूंभोवती बधिर करणारं औषध सोडायचं. यात डोकं बधिर होत नाही, आतडी सुस्तावत नाहीत. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी १९८९ साली मुलांसाठी सांगितलेली ही पद्धत आज म्हाताऱ्यांच्या खुब्यासाठी जगभर वापरतात. कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून जांघेतल्या हाडापर्यंत रेघ कल्पायची, तिच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्याशी, जरा खाली, बोथट सुई सरळ घालायची. दोन पडदे ओलांडताना हाताला दोनदा 'टक्' जाणवतं, तिथे औषध सोडायचं. असर अर्धा दिवस किंवा त्याहूनही जास्त टिकतो. २०२०च्या कॉक्रेन समीक्षेत ४९ चाचण्यांचा आढावा घेतला गेला: सुईनंतर अर्ध्या तासात हालचालीतली वेदना कमी होते, डिलिरियम कमी होतं, बहुधा छातीचे संसर्गही कमी होतात आणि माणूस लवकर उठतं. इंग्लंडात प्रशिक्षित नर्सही ही सुई देतात, आणि ती ऑपरेशनआधीच, रोगी दाखल होताच देतात, कारण एक्स-रेच्या टेबलावर उचलून ठेवणं हा सगळ्यात जीवघेणा प्रवास असतो.

आपल्याकडे का होत नाही? भूलतज्ज्ञ कमी, हे एक. दुसरं कारण वाचून मी चकित झालो होतो. ही सुई सोनोग्राफीच्या मदतीने द्यावी असा आजचा कल आहे, आणि सोनोग्राफी यंत्र म्हटलं की गर्भलिंगनिदानाचा कायदा आला. तो कायदा हवाच होता. महाराष्ट्राने तर १९८८ सालीच देशात सर्वांत आधी असा कायदा केला, केंद्राचा १९९४चा. पण त्यामुळे प्रत्येक यंत्राची नोंद, जागेची नोंद, वापरणाऱ्याची नोंद, यंत्र हलवण्यावर बंधनं. मुलींचे जीव वाचवायला केलेल्या कायद्याची सावली आजीच्या खुब्यावर पडते. यातून वाट काढणं अशक्य नाही. 'टक्'वाली जुनी पद्धत यंत्राशिवाय येते; नेमकेपणा थोडा कमी, पण काहीच न देण्यापेक्षा किती तरी बरी. बधिर करणारं औषध रक्तात गेलं तर धोका असतो, म्हणून नाडी-रक्तदाबावर लक्ष ठेवणारं माणूस आणि यंत्र मात्र हवंच. आणि सुईच्या असरात मांडी कमजोर राहते, तेव्हा आधार दिल्याशिवाय उभं करायचं नाही. चंद्रपूरला २०१५पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, सेवाग्राम १९६९पासून आहे. तालुक्यातल्या डॉक्टरांना ही एक सुई शिकवायला इमारत बांधावी लागत नाही.

ते होईपर्यंत वॉर्डात दिसते ती वीट. पायाला चिकटपट्टी, पट्टीला दोरी, दोरीला खाटेच्या टोकावरून लोंबणारी वीट किंवा वजन. पाय ताणून धरला की दुखणं कमी होईल, हाड सरकणार नाही, असा हिशेब. यावरच्या चाचण्या गोळा करून पाहिल्या गेल्या, तेव्हा ऑपरेशनआधी असा ताण देऊन वेदना कमी होते असं आढळलं नाही. कातडी मात्र सोलते. वीट लटकवली की काहीतरी उपचार सुरू झाल्याचं समाधान सगळ्यांना मिळतं, म्हणून ती टिकून आहे असं माझं मत.

ऑपरेशनआधीच्या दुखण्यावर सगळ्यात मोठा उतारा म्हणजे ऑपरेशन लवकर होणं. सतरा देशांतल्या २,९७० रोग्यांवरच्या २०२०च्या चाचणीत सहा तासांच्या आत ऑपरेशनचं लक्ष्य ठेवून मृत्यू कमी झाले नाहीत, पण डिलिरियम कमी झालं आणि माणसं लवकर उभी राहिली. आमच्याकडे सहा तास जीप ठरवण्यात जातात. तरी दोन-चार दिवसांची ढिलाई टाळण्यासारखी असते. भूल पाठीतली की पूर्ण, यावर घरचे फार घोळ घालतात. अमेरिका-कॅनडातल्या १,६०० रोग्यांच्या २०२१च्या चाचणीत साठ दिवसांनी दोन्हींत काही फरक दिसला नाही. पाठीतली सुई दोन-चार तासांत उतरते हे मात्र ध्यानात ठेवावं. दुपारी ऑपरेशन झालं की कंबरेखाली बधिर असल्याने संध्याकाळी आजी हसून बोलते, सगळे निश्चिंत होऊन जेवायला जातात, आणि रात्री दहाला कळ उठते तेव्हा औषध लिहिणारं कोणी नसतं. संध्याकाळीच, भूल पूर्ण उतरायच्या आधी, रात्रीच्या मात्रा लिहून घ्याव्या. एकदा भडकलेली वेदना विझवायला दुप्पट औषध लागतं.

दुसऱ्या दिवशी उभं करायचं त्याआधी अर्धा-पाऊण तास गोळी पोटात गेलेली असावी. फिजिओथेरपिस्टची वेळ विचारून गोळीची वेळ ठरवणं हे वहीवाल्या नातवाचं काम. सोबत बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून, दोन पायांच्या मध्ये उशी, चष्मा डोळ्यांवर.

घरी आल्यावर खाटेची उंची बघावी. आमच्याकडची बाज बुटकी असते. तिच्यावरून उठताना खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकतो, दुखतो, आणि बॉल बदललेला असेल तर तो निसटायची भीती. बाजेच्या चारही पायांखाली पक्क्या विटा बसवाव्या. उकिडवं बसणं बंद. संडासासाठी भोक पाडलेली लाकडी खुर्ची गावचा सुतार करून देतो. पॅरासिटामॉल पहिले काही आठवडे नेमाने, डॉक्टरने सांगितलेल्या मात्रेत. जोरदार औषधं आठवड्या-दोन आठवड्यांत उतरवत न्यायची. वहीतले आणे उतरत जायला हवेत. रोज सरळ रेघेत उतरणार नाहीत; जास्त चालवलं त्या रात्री दोन आणे वाढतील, त्याने घाबरू नये.

पण काही दुखणी गोळीने दाबायची नसतात. कालपर्यंत पाऊल टाकणाऱ्या माणसाला आज अचानक पाय टेकवेना, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसू लागला, पोटरी सुजून तापली, धाप लागली किंवा छातीत दुखलं, टाक्यांतून पू किंवा पाणी येऊ लागलं, ताप चढला, माणूस एकाएकी बरळू लागलं किंवा दिवसा उठवलं तरी उठेना. अशा वेळी 'बरं हाय' ऐकायचं नाही, सुईवाल्याला बोलवायचं नाही. १०८ला फोन लावून ऑपरेशन झालं त्या दवाखान्याचे कागद हातात घ्यायचे आणि निघायचं.